तीनशे शब्दांची भीड

इंग्रजी पत्रे लिहिणे हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे. लेस्टरमधल्या एका बांधकाम कंपनीत गेली एकोणीस वर्षे मी टेंडरे भरतो. कधी शाळेचे छप्पर, कधी ओढ्यावरची मोरी, कधी एखाद्या वाहनतळाचे डांबरीकरण. प्रत्येक टेंडरवर एक कव्हरिंग लेटर लागते आणि चहाचा कप निवायच्या आत ते माझ्या हातून लिहून होते. त्यामुळे माझी पहिली इंग्रजी कादंबरी पूर्ण झाल्यावर, ती लंडनच्या साहित्यिक एजंटांकडे पाठवताना सोबत एक पानभर पत्र जोडावे लागते असे कळले, तेव्हा मला हसूच आले. कादंबरीला सहा वर्षे लागली होती. पत्र रविवारी दुपारी जेवणानंतर लिहून टाकतो, असे मी बायकोला सांगितले. प्रत्यक्षात त्या पत्राने सात आठवडे घेतले, त्याचे एकवीस खर्डे झाले आणि त्यातले निदान पंधरा मी आज कोणाला दाखवू शकणार नाही.

पत्र कोणाला आणि कशासाठी लिहायचे, हे आधी सांगायला हवे, कारण आपल्या मराठी व्यवहारात या माणसाची जागाच नाही. मराठी लेखक आपले बाड थेट प्रकाशकाकडे किंवा संपादकाकडे नेतो, आणि श्री. पु. भागवत किंवा राम पटवर्धन यांच्यासारखा संपादक भेटला तर त्या बाडाचे भाग्य उजळते. ब्रिटनमध्ये बहुतेक मोठे प्रकाशक अनोळखी लेखकाची कादंबरी थेट घेत नाहीत. ती एजंटामार्फत यावी लागते. ही पद्धत लंडनचीच. अलेक्झांडर पोलॉक वॉट या स्कॉटिश गृहस्थाने १८७५च्या सुमारास एका लेखकमित्राचे लेखन विकून देण्यापासून सुरुवात केली, आणि पुढे दहा टक्के दलालीवर तोच त्याचा व्यवसाय झाला. आज ही दलाली देशातल्या विक्रीवर साधारणपणे पंधरा टक्के आणि परदेशी किंवा भाषांतराच्या हक्कांवर वीस टक्के असते. दलाली हा शब्द मराठीत थोडा डागाळलेला आहे खरा, पण सांगलीच्या मार्केट यार्डाच्या आसपास वाढलेल्या माणसाला त्यात वावगे काही वाटत नाही. अडत्या माल विकला गेल्यावर अडत घेतो, एजंटही पुस्तक विकले गेल्यावरच पैसे घेतो. वाचण्याचे पैसे मागणारा कोणी भेटला तर त्याच्या वाटेला जाऊ नये, एवढे व्यवहारज्ञान पुरे. मात्र यातून एक गोष्ट निघते आणि ती पत्र लिहिताना सतत ध्यानात ठेवावी लागते. माझे पत्र उघडणारा माणूस, बहुधा त्या एजंटाचा सहायक, ते फुकट वाचत असतो, आणि पुष्कळदा दिवसाचे काम आटोपल्यावर, घरी किंवा आगगाडीत वाचत असतो.

पत्राबरोबर दोन गोष्टी जातात: एक-दोन पानांचे सिनॉप्सिस, म्हणजे शेवटासह सगळे कथानक, आणि कादंबरीची पहिली तीन प्रकरणे किंवा पहिले दहा हजार शब्द. अमेरिकेत पुष्कळदा आधी नुसते पत्र जाते आणि त्याच्या बळावर पाने मागवली जातात. त्यामुळे तिथल्या पत्राला खूप ओझे वाहावे लागते. ब्रिटिश पत्राच्या पाठोपाठ पाने असतातच, आणि म्हणून त्याचे काम मुळात साधे आहे: वाचणाऱ्याला पहिल्या पानापर्यंत, डोके शांत ठेवून, पोहोचवणे. हे साधे काम मला कळायला वेळ लागला.

पहिल्या खर्ड्यात आमच्या हायस्कूलचे इंग्रजीचे मास्तर बोलत होते. रजेचा अर्ज कसा लिहावा हे त्यांनी आम्हाला छडी हातात धरून शिकवले होते: आदरपूर्वक विनंतीने आरंभ करायचा, कारण सांगायचे, तसदीबद्दल क्षमा मागायची आणि आज्ञाधारक म्हणून सही करायची. माझ्या पत्राची सुरुवात, मराठीत सांगायची तर, अशी होती: ‘आपण अत्यंत व्यग्र असता याची मला पूर्ण जाणीव आहे. मी व्यवसायाने लेखक नाही, आणि इंग्रजी ही माझी मातृभाषाही नाही. तरीसुद्धा सवड झाल्यास सोबतच्या या प्रयत्नावरून आपण एकवार नजर फिरवावी, अशी विनंती आहे.’ मराठीत ही वाक्ये मला अजूनही गोड वाटतात. सभ्य माणूस असाच लिहितो. लेखक आपल्या पुस्तकाला ‘हा अल्पसा प्रयत्न’ म्हणतो, समोरचा लगेच ‘छे छे, अल्पसा कसला’ म्हणतो, आणि दोघांनाही ठाऊक असते की हे बोलायचे असते, मानायचे नसते. लंडनमधल्या वाचकाला आपली ‘छे छे’ म्हणायची पाळी आली आहे, हे कळतच नाही. तो लेखकाचे म्हणणे शब्दशः खरे धरतो. लेखकच म्हणतो आहे की हा नुसता प्रयत्न आहे, तर मग पुढे वाचायचे कशाला?

इंग्रजांच्या स्वतःच्या बोलण्यानेही माझी फसगत केली होती. ऑफिसात इतकी वर्षे ‘अगदीच वाईट नाही’ या शब्दांत होणारी तारीफ ऐकून माझी समजूत झाली होती की या देशात स्वतःला जितके कमी लेखावे तितके चांगले दिसते. पण त्यांचे ते कमी बोलणे आणि आपले वाकणे यांत फरक आहे. इंग्रज मोजमापात बोलतो, स्वतःला रद्द करत नाही.

मुलीने तो खर्डा वाचला. ती इथेच लहानाची मोठी झाली आहे आणि तिला भीड म्हणजे काय हे समजावून सांगावे लागते. तिने पेन्सिल घेऊन शब्द मोजले आणि कागद माझ्याकडे सरकवला. “बाबा, तीनशे शब्दांतले ब्याण्णव शब्द कादंबरीचं नाव यायच्या आधीच संपलेत. तू कादंबरी पाठवतोयस की माफी मागतोयस?”

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. इंटरनेटवर मिळणारे अमेरिकी नमुने समोर ठेवून मी एक दणदणीत पत्र तयार केले. त्याची सुरुवात प्रश्नाने होत होती: तुमच्या वडिलांनी जमिनीखाली काय पुरून ठेवले आहे हे तुम्हाला एके दिवशी कळले, तर तुम्ही काय कराल? (एजंटाचे वडील सुखरूप सरेमध्ये गुलाबांची निगा राखत असतील, हा विचार मला तेव्हा शिवला नाही.) पुढे कादंबरी हृदय हेलावणारी होती, आजवर कोणी न सांगितलेली होती, आणि तिची तुलना मी नोबेल मिळालेल्या दोन लेखकांशी केली होती. तिच्यावर चित्रपट उत्तम निघेल, हेही मी आपणहून सुचवले होते. बायकोने ते उभ्या उभ्या वाचले आणि विचारले, “हे तुम्ही लिहिलंय की विम्याच्या एजंटानं?”

दोन्ही खर्डे शेजारी शेजारी ठेवून पाहिल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. पहिल्यात मी वाकून उभा होतो, दुसऱ्यात टाचा उंचावून उभा होतो, आणि दोन्ही वेळा कादंबरी बिचारी माझ्या पाठीमागेच झाकली गेली होती. वाचणाऱ्याला दिसत होतो तो मी. स्वतःची बढाई मारायला लागणारा निर्लज्जपणा आणि स्वतःला कमी लेखायला लागणारी भीड या मला तोवर एकमेकींच्या विरुद्ध गोष्टी वाटत होत्या. त्या कागदांवर त्या सख्ख्या बहिणी दिसल्या.

तिढा सुटला तो ऑफिसात, आणि योगायोगाने. एका प्राथमिक शाळेच्या छपराचे टेंडर दुपारी तीनपर्यंत जायचे होते. मी नेहमीसारखे पत्र टाईप केले: कामाचे नाव, संदर्भ क्रमांक, रक्कम, दर किती दिवस बांधील राहतील, यापूर्वी केलेली अशीच दोन कामे, जोडलेल्या कागदपत्रांची यादी, सही. पत्र पाठवून झाल्यावर ते पुन्हा वाचले. ‘आपण व्यग्र असाल, तरी आमच्या छपराचा विचार व्हावा’ असे त्यात कुठे नव्हते. ‘हृदय हेलावणारे छप्पर’ असेही नव्हते. मी एकोणीस वर्षे न लाजता आणि न फुशारता लिहीत होतो, कारण ते छप्पर माझे नव्हते. त्याच दुपारी जेवणाच्या सुट्टीत, सँडविच हातात ठेवून, मी कादंबरीचे पत्र तसेच लिहून काढले. पहिले वाक्य: शीर्षक, प्रकार, अठ्ठ्याऐंशी हजार शब्द, लेखन पूर्ण. ‘पूर्ण’ हा शब्द इथे शोभेसाठी नसतो. कथेतर पुस्तक नुसत्या प्रस्तावावर विकले जाऊ शकते, पण नव्या लेखकाची कादंबरी शेवटच्या पानापर्यंत लिहून झालेली असावी लागते. आणि शब्दसंख्या सांगणे हे क्षेत्रफळ सांगण्यासारखे आहे. ऐंशी हजार ते एक लाख या पट्ट्यात असलेला आकडा वाचणाऱ्याला न बोलता सांगतो की या माणसाला कादंबरी केवढी असते हे माहीत आहे.

सांगाडा बसला, पण टेंडरच्या पत्राने जे काम मला कधीच सांगितले नव्हते ते अजून बाकी होते. कादंबरी कशाविषयी आहे, ते शंभर-दीडशे शब्दांत सांगायचे होते, आणि तिथे ऑफिसातली भाषा कामाची नव्हती. तो परिच्छेद कादंबरीच्याच आवाजात यावा लागतो.

कादंबरी हरिपूरची आहे. सांगलीच्या जवळ, कृष्णा आणि वारणा जिथे मिळतात त्या गावात हळद साठवायची पेवे असत: तोंडाशी अरुंद, पोटात रुंद, मातीत खणलेली. त्या मातीत हळद वर्षानुवर्षे कीड न लागता राही. २००५च्या महापुरात पाणी पेवांत शिरले आणि पुष्कळ पेवे कायमची गेली. माझी सुमती त्या पुराच्या आठवड्यात आईच्या तेराव्याला माहेरी आलेली आहे. आता हे लेस्टरमध्ये बसून लंडनच्या माणसाला सांगायचे म्हणजे ‘पेव’ या शब्दापाशीच गाडी अडते. माझ्या आठव्या की नवव्या खर्ड्यात मी सांगली कुठे आहे, कृष्णा कुठून येते, हळद शिजवून वाळवतात कशी, आणि सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे सगळे सांगितले होते. परिच्छेद माहितीपूर्ण झाला होता. जिल्हा परिषदेच्या पुस्तिकेत सहज खपला असता. सुमती त्यात सहाव्या ओळीला आली, आणि तीही नुसती हजेरी लावून गेली.

शिवाय दुसरा एक मोह होता, आणि त्याची मला जास्त लाज वाटते. आपले पुस्तक भारतातले आहे म्हटल्यावर समोरच्याला काय आवडेल याचा आपणच एक अंदाज बांधतो आणि त्या मापाचे कपडे कादंबरीला चढवू लागतो. एका खर्ड्यात ‘मान्सून’ हा शब्द चार वेळा आला होता. मसाल्यांचा दरवळ होता. आमच्या घरात हळदीचा दरवळ असा कधी कोणी म्हटला नाही. हळकुंडे शिजत असली की सगळीकडे ओल्या मातीचा आणि धुराचा वास असे आणि डोळे चुरचुरत. मी ते दरवळ काढून टाकले. ज्या एजंटाला मसाल्याचे पुस्तक हवे असेल त्याला माझी तीन प्रकरणे वाचून निराशाच झाली असती, मग पत्रात त्याची आशा वाढवून काय मिळवायचे होते?

अखेरीस जे उरले ते असे होते. ‘जुलै २००५. कृष्णेचे पाणी चढते आहे आणि हरिपुरात हळद साठवण्याची भूमिगत कोठारे एकेक करून बुडत आहेत. भावांच्या वाटणीपत्रात सहा कोठारांची नोंद आहे. सातवे कुठे आहे हे फक्त सुमतीला ठाऊक आहे, आणि त्यात काय आहे हेही.’ पेवाचे स्पष्टीकरण चार शब्दांत आटोपले होते आणि कोणाचे काही अडले नव्हते. त्यानंतर आणखी दोन-तीन वाक्ये होती: सुमती बोलली तर काय जाईल, न बोलली तर काय जाईल. एका खर्ड्यात मी सातवे पेव पत्रातच उघडून दाखवले होते. ते काम सिनॉप्सिसचे. पत्राने वाचणाऱ्याला तोंडाशी आणून उभे करावे, आणि तिथून पुढे तीन प्रकरणांनी त्याचा हात धरावा.

एक वाक्य मात्र काढावे की ठेवावे हे ठरेना. ‘या गावात जमिनीखाली उतरण्याआधी दोरीला बांधून कंदील आत सोडतात, पुष्कळ दिवस बंद असलेल्या कोठारात माणसापुरती हवा असेलच असे नाही.’ कथानकाला त्याची गरज नव्हती. ते दागिन्यासारखे वाटत होते आणि मी नुकतेच सगळे दागिने उतरवले होते. पण पत्र दोनशे शहाण्णव शब्दांवर थांबले होते आणि कात्री चालवायला निमित्त राहिले नव्हते. ठेवले.

यानंतर येतो तो ‘आपल्यालाच का’ हा भाग. इथे मराठी मन आपोआप ओळख शोधू लागते, आणि त्यात गैर काही नाही. इंग्रजी साहित्यातही ओळखीने दारे उघडली आहेत. आर. के. नारायण यांची पहिली कादंबरी लंडनच्या प्रकाशकांकडून परत येत होती. ऑक्सफर्डला शिकणाऱ्या त्यांच्या मित्राने तिचे बाड ग्रॅहम ग्रीन यांच्या हाती दिले, आणि ग्रीन यांच्या शब्दामुळे ती १९३५ साली लंडनमध्ये छापली गेली. आजही कोणा लेखकाने तुमचे नाव सुचवले असेल तर ते पत्रात पहिल्याच ओळीत सांगावे, असेच जाणते लोक सांगतात. माझी ऑक्सफर्डमध्ये ओळख नव्हती, लेस्टरमध्ये होती, आणि ती सगळी सिमेंटच्या धंद्यात होती. तेव्हा मी दुसरा मार्ग धरला. सलग पाच शनिवार वॉटरस्टोन्सच्या दुकानात जाऊन मी नव्या कादंबऱ्यांची शेवटची पाने उभ्याने वाचली. लेखक ऋणनिर्देशात आपल्या एजंटाचे नाव हमखास देतात. ज्या कादंबऱ्या मला मनापासून आवडल्या होत्या, किंवा ज्यांच्या शेजारी माझी कादंबरी मांडली तर ती परकी दिसणार नाही असे वाटले, त्यांच्या एजंटांची नावे मी पावतीच्या मागे लिहून घेत असे. मग घरी येऊन त्या संस्थेच्या संकेतस्थळावर आणि ‘रायटर्स अँड आर्टिस्ट्स इयरबुक’मध्ये, जे १९०६ पासून निघते आहे आणि आमच्या वाचनालयात संदर्भ विभागात साखळदंडाने बांधल्यासारखे जड बसलेले असते, ती व्यक्ती सध्या काय शोधते आहे ते पाहत असे. हे कष्टाचे काम आहे, पण त्यातून मिळणारे एक वाक्य खरे असते, आणि खरे वाक्य लिहायला भीड पडत नाही.

याच फेऱ्यांमुळे तुलनेच्या पुस्तकांचा प्रश्नही मार्गी लागला. एजंटाला गेल्या काही वर्षांतली एक-दोन पुस्तके हवी असतात, ती थोरवी मोजायला नव्हे, तर मांडणी कुठे होणार हे कळायला. नोबेलवाल्यांना मी सन्मानाने निरोप दिला आणि दोन तरुण लेखकांच्या, माझ्याइतक्याच अनोळखी पण छापून आलेल्या, कादंबऱ्या त्यांच्या जागी बसवल्या.

स्वतःविषयीचा परिच्छेद सर्वात शेवटी लिहिला आणि सर्वात लहान ठेवला. मी यापूर्वी मराठीत तीन कथा लिहिल्या आहेत आणि त्या तिन्ही दिवाळी अंकांत आल्या आहेत. पण दिवाळी अंक म्हणजे काय, हे एका वाक्यात कसे सांगायचे? १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढल्यापासून आपण दर दिवाळीला फराळाबरोबर कथा वाचतो, ही गोष्ट ज्याला ठाऊक नाही त्याला तिची ऐट कशी समजावी? मी ‘दिवाळीनिमित्त दरवर्षी निघणारी मराठी साहित्यिक नियतकालिके’ असे लिहिले आणि सुस्कारा सोडला. मातृभाषा मराठी आहे हेही लिहिले, पण या वेळी क्षमायाचनेत नव्हे. ज्या घरांची ही कादंबरी आहे त्या घरांत मी वाढलो, या वाक्याच्या आत ते सहज बसले. टेंडरे भरण्याचा माझा धंदाही मी लिहून टाकला. मुलगी म्हणाली, असू दे, कामाचा माणूस वाटतोस.

मायन्याने शेवटी थोडे छळले. आपल्याकडे सौ., श्रीमती आणि कुमारी यांत जो गोंधळ होतो तोच इथे मिसेस, मिस आणि मिझ यांत होतो, आणि नावावरून बाई की बुवा हेही दर वेळी कळत नाही. पूर्ण नाव लिहावे, उपाधी गाळावी, हा तोडगा मी स्वीकारला. नुसत्या पहिल्या नावाने हाक मारणेही आता इथे चालते, पण ते माझ्या बोटांना जमले नाही.

प्रत्येक संस्थेचे नियम वेगळे. कोणी जोडपत्र उघडत नाही, सगळे ईमेलमध्येच चिकटवा म्हणते. कोणी अर्जाचे रकाने देते आणि तुमचे घोटून घोटून गुळगुळीत केलेले पत्र तुम्हालाच फोडून त्या रकान्यांत भरावे लागते. काही ठिकाणी यंत्राकडून लिहून घेतले नाही ना, अशी कबुलीही आता मागतात. एकाच संस्थेतल्या दोन एजंटांना एकाच वेळी पाठवू नये, पण वेगवेगळ्या संस्थांना एकदम पाठवायला हरकत नसते. वसंतात लंडनचा पुस्तकमेळा आणि ऑक्टोबरात फ्रँकफर्टचा मेळा यांच्या आसपास फार उत्तराची अपेक्षा धरू नये. मी या सगळ्याचा एक तक्ता केला, कारण तक्ते मला येतात. एवढे असूनही तिसऱ्याच पत्रात मी ‘आपल्यालाच का’चा परिच्छेद चुकीच्या माणसाचा चिकटवला, आणि एका बाईंना त्यांनी कधीही न सांभाळलेल्या लेखकाबद्दल मनापासून धन्यवाद दिले. ‘पाठवा’चे बटण दाबल्यावर दोन सेकंदांनी ते दिसले. त्या बाईंचे उत्तर आले नाही आणि मी त्यांना दोष देत नाही.

मराठीत मी कथा पाठवत असे तेव्हा सोबत तिकीट लावलेले पाकीट जात असे, आणि कथा नापसंत झाली तर त्याच पाकिटातून ‘साभार परत’ येत असे. त्या दोन शब्दांत निदान आभार होते. इथे बारा आठवड्यांत उत्तर न आल्यास नकार समजावा, असे पुष्कळ संस्था आधीच लिहून ठेवतात. म्हणजे नकार कधी आला हे आपणच कॅलेंडर पाहून ठरवायचे. पहिल्या खेपेला पाठवलेल्या सहा पत्रांपैकी तिघांकडून ठराविक साच्यातला नकार आला, तिघांकडून काहीच नाही. दुसऱ्या खेपेला पाच पाठवली.

त्या पाचांतल्या एकीचे उत्तर एका मंगळवारी, मी एका मोरीचे दर लावत बसलो असताना, आले. चार ओळी होत्या. पूर्ण कादंबरी पाठवावी, असे त्यात म्हटले होते. सुमतीविषयी काही नव्हते, पुराविषयी नव्हते, ज्या दोन पुस्तकांसाठी मी पाच शनिवार उभा राहिलो त्यांच्याविषयीही अवाक्षर नव्हते. खाली सहीच्या आधी एक प्रश्न होता: कंदील विझला तर ते लोक काय करतात?

मला उत्तर येत नव्हते. अठ्ठ्याऐंशी हजार शब्दांत कंदील चार वेळा आत सोडला गेला आहे आणि चारही वेळा मी तो तेवत ठेवला आहे. मी हरिपूरला मामांना फोन लावला. मामा आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत आणि त्यांनी तरुणपणी पेवांत उतरून हळद उपसली आहे. मी प्रश्न विचारला. पलीकडे बराच वेळ खोकला चालला.

“इझला तर काय, वर बसायचं,” मामा म्हणाले. “तोंड उघडं टाकायचं आन् बिडी वढत बसायचं.”

“किती वेळ?”

“आता ते काय घड्याळ लावून बसत न्हवतो, बाबा.”

त्याच रात्री मी तेराव्या प्रकरणात एक कंदील विझवला, दोन माणसे पेवाच्या तोंडाशी बसवली, आणि पूर्ण कादंबरी पाठवून दिली. सोबतचे पत्र दोन ओळींचे होते. त्याला आता अकरा आठवडे झाले.